दोन्ही हात मोकळे

३ फेब्रुवारी, मंगळवार

दादा फोन घेत नाही. रविवारपासून! वाजलेला त्याला ऐकू येत नाही हे खरं, पण त्याचा फोन थरथरतो, दिवा चमकतो. तो मुद्दाम घेत नाहीये, एवढं कळण्याइतकी मी त्याची बहीण आहे.

कारखान्यात करवत लागून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांच्या शिरा तुटल्या आहेत. जोडायच्या तर ऑपरेशन लवकर करा, असं डॉक्टर सांगतात. तो नुसतं ‘बघू’ म्हणतो. रविवारी मी गॅलरीत उभी राहून व्हिडिओ कॉलवर त्याला पुन्हा पुन्हा हातांनी सांगितलं — कर, ऑपरेशन कर! तो बघत राहिला. मग फोन बंद.

फार दामटलं का मी? तो सुतार, त्यात जन्मापासून बहिरा. दुसऱ्या कुणाचा नुसता हात दुखावला असता. त्याची जीभही त्याच हातात आहे.

४ फेब्रुवारी, बुधवार

मेसेज आला. जसाच्या तसा: ‘तू कट्टी का. मी काय केलं.’

पन्नाशीचा माणूस! आधी हसू आलं. मग डोकं लावलं, आणि चूक माझीच निघाली.

आमची हातांची भाषा घरची आहे. लहानपणी आम्हीच जुळवलेली. दादाला शाळेतली, सगळ्या बहिऱ्यांची भाषाही येते. मला फक्त घरची. तिच्यात ‘ऑपरेशन’ म्हणजे एक तळवा पसरायचा आणि त्यावरून दुसऱ्या हाताची कड ओढायची. खाली तळवा नसला आणि कड नुसती हवेत ओढली, की झाली कट्टी. फोन धरला होता माझ्या डाव्या हातात. म्हणजे मी त्याला चांगली दहा वेळा बजावून सांगितलं — कट्टी, कट्टी, कट्टी!

सगळा खुलासा लिहून पाठवला. उत्तर: ‘दोन हात बोल.’

बरोबर आहे. एका हातानं बोलणं म्हणजे अर्धी अक्षरं गिळणं. प्रुफं तपासताना लोकांचा सुटलेला अनुस्वार मला लांबून दिसतो, आणि इथे अख्खा हात सुटला तरी कळलं नाही.

पण फोन ठेवू कुठे? घरात रेंज फक्त गॅलरीत. तिथे धड एक फळी नाही. कठड्यावर ठेवला तर खाली रस्त्यावर जाईल.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

मोबाइलच्या दुकानात गेले. फोन गळ्यात अडकवून हात मोकळे राहतील असं काहीतरी मिळतं, हे लेकीकडून कळलं होतं.

दुकानदारानं फीत काढली. ‘ताई, ही न्या, हलकी आहे.’ पण फितीत फोन लोंबतो, आणि कॅमेरा आपल्याकडे बघतच नाही. दुसऱ्यात चुंबक होतं. मी वाकले की फोन पाठ फिरवायचा. तिसरी घोड्याच्या नालेसारखी पट्टी — मानेवर बसते, पुढे वळवता येणारा दांडा, त्याच्या टोकाला चिमटा.

‘रील बनवायला सगळे हीच नेतात.’

‘रील नाही हो, भावाशी बोलायचंय.’

‘एवढंच ना! मग इअरफोन घ्या की!’

‘तो बहिरा आहे.’

तो ओशाळला. मग म्हणाला, ‘इथेच लावून बोलून बघा. नाही जमलं तर घेऊ नका.’ काउंटरवरची चार्जरची खोकी बाजूला सारून त्यानं मला जागा करून दिली. मी भर दुकानात फोनच्या पडद्यावर स्वतःलाच बघत हातवारे केले. गिऱ्हाइकं बघत होती, पण तो मन लावून चिमटा वर-खाली करत होता. चिमट्यानं बाजूचं बटण दाबलं जाऊन फोन बंद पडतो, हे त्याच्याच लक्षात आलं. भला माणूस. मी त्याच्याशी एवढ्या तुटकपणे बोलायला नको होतं.

८ फेब्रुवारी, रविवार

पट्टी गळ्यात घालून गॅलरीत निघाले. सासूबाई पलंगावरून — ‘हे काय गं, बैलाला जू घातल्यासारखं?’ लेक म्हणाली, ‘आजी, आई आता दिवा नसलेला टेबल-लॅम्प झालीय.’

कॉल लागला. दादाला आधी माझी हनुवटी आणि छत दिसलं. दांडा लांब केला, तर हात चित्राच्या खाली राहिले. शेवटी कोपर उचलून, हात छातीसमोर धरून जमलं. मग ‘मी’ म्हणायला छातीवर बोट ठेवायला गेले — खाडकन दांड्यावर! फोन गर्रकन फिरला. दादाला शेजारणीचं वाळत घातलेलं धुणं दिसलं. खो खो हसला तो. करवत लागल्यापासून पहिल्यांदाच.

त्यानंच तोड काढली. यापुढे ‘मी’ खांद्यावर.

मग मी तळवा पसरला आणि त्यावरून कड ओढली. स्वच्छ. ऑपरेशन! त्यानं डाव्या हातानं विचारलं, ‘तू असशील?’

नवरा बोटीवर, सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलेलं. जाता येत नाही. ‘अशी असेन,’ म्हणाले आणि गळ्यातल्या पट्टीकडे बोट दाखवलं. हे पुरेसं आहे का? माहीत नाही. त्यानं मान हलवली खरी.

११ फेब्रुवारी, बुधवार

डॉक्टरांशी बोलणं झालं. कारखान्याच्या मालकानं तिकडे फोन धरून ठेवला होता. एकदाही हलू दिला नाही. डॉक्टरांच्या तोंडावर मास्क, तेव्हा ओठ वाचायचा प्रश्नच नाही. ते बोलायचे, मी हातांनी सांगायचे.

दादानं एकच विचारलं, ‘नंतर हात बोलेल?’

डॉक्टर म्हणाले, ‘पकड येईल. बारीक हालचालींची खात्री देत नाही.’

थोडं गोड करून सांगावं का? कुणाला कळणार होतं? पण त्यानं दोन हात मागितले होते ते खोटं ऐकायला नाही. होतं तसं सांगितलं. त्यानं ते पुन्हा सांगायला लावलं. मग डावा अंगठा वर केला.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

झालं. शुद्धीवर आला. डाव्या हातानं पहिला शब्द — ‘चहा’.

२२ फेब्रुवारी, रविवार

मानेवर पट्टीचा लाल वळ उठतो. लेकीनं जुन्या टी-शर्टची बाही कापून त्यावर खोळ शिवली. टाके वाकडेतिकडे, पण मऊ आहे! मी न मागता शिवली. दोनदा थँक्यू म्हटल्यावर ‘पुरे गं’ म्हणाली.

आता दादा रोज बोलतो. हात प्लास्टरमध्ये, म्हणून तोच अर्धं बोलतो आणि मी पूर्ण. मी फोन गळ्यात घेऊन सासूबाईंची उशी सरळ करते, तर तो त्यांना नमस्कार करतो. आज त्या म्हणाल्या, ‘त्याला विचार, जेवण कोण करून देतं?’ मी विचारायच्या आत त्यांनीच हातानं घास दाखवला. दादाला कळलं! ‘मालकाची बायको,’ त्यानं सांगितलं. सासूबाई दिवसभर खुशीत. ‘सोपं आहे की गं.’

किती माणसं लागली एका हाताला. सगळ्यांचे उपकार कसे फेडायचे, कळत नाही. फेडायचे नसतातच बहुधा.

२४ मार्च, मंगळवार

प्लास्टर निघालं. पकड आली आहे, त्यानं पटाशी धरून दाखवली. पण ती दोन बोटं पुरती वळत नाहीत. व्यायाम करा, म्हणतात. किती वळतील ते सांगत नाहीत.

३० मार्च, सोमवार

हे लिहू की नको, असं झालंय. दादा उजवा हात टेबलाखाली ठेवतो. शाळेतल्या मित्रांचे कॉल घेत नाही. मी खोदून विचारलं, तेव्हा तोंडासमोर बोटं थरथरवली — ‘तोतरा’.

‘मला तर सगळं कळतं तुझं,’ म्हटलं.

‘तू घरची. तुला अर्ध्यातच कळतं. बाहेरच्यांना काय कळणार?’

दोन्ही हात मोकळे होते, तरी बोलायला काही सुचेना. ऑपरेशनसाठी मीच मागे लागले होते. केलं नसतं तर पकडही गेली असती, हे ठाऊक आहे. पण तो गप्प बसला तर पकड घेऊन काय करायचं?

तरी रोज फोन करतो. तेवढ्याबद्दल आज ऋणी राहते.

९ एप्रिल, गुरुवार

व्यायामाच्या दवाखान्यातून दादाचा कॉल. शेजारी एक अनोळखी बाई, मनगट बांधलेलं. बहिरी! सोबत कुणी नाही. व्यायाम घेणाऱ्या मॅडमना तिला काही समजावता येईना. मी म्हटलं, मला शाळेची भाषा येत नाही. दादानं हात उडवला — तू मला सांग, पुढचं मी बघतो.

मॅडम बोलल्या. मी दादाला सांगितलं. दादानं दोन्ही हात टेबलाच्या वर काढले आणि तिला सांगितलं. ती एकदाही ‘पुन्हा सांगा’ म्हणाली नाही. उलट तिनंच काहीतरी विचारलं, त्यानं उत्तर दिलं, आणि दोघं हसत सुटले.

काय बोलले, मला एक अक्षर कळलं नाही.