पंपानंतरची चूळ

माय,

मागच्या आठवड्यात मलाही दम्याचा पंप सुरू झाला. मुकुंदवाडीच्या दवाखान्यातली डॉक्टरीण, माझ्या लेकीच्या वयाची, म्हणाली, "मावशी, पंप ओढला की चूळ भरायची. नाही तर तोंडात बुरशी येते." एका वाक्याचं काम होतं माय. सोयगावात तुला पंप देणाऱ्यानं ते कधी सांगितलं नाही.

घरी येऊन मी वाचत बसले. तुझे जावई गेल्यापासून वाचनाचीच सोबत आहे. समजलं नाही ते पुन्हा वाचलं. ही बुरशी कितीतरी निरोगी माणसांच्या तोंडात थोडी असतेच. तिला धागे फुटून ती आत घुसू लागली की तोंडाचं आतलं अस्तर ते आधी ओळखतं आणि हाक देतं. मग पांढऱ्या पेशी धावून येतात. काही बुरशी गिळतात, काही अस्तराला निरोप देतात, आणि त्या निरोपावर अस्तर बुरशी मारणारे पदार्थ लाळेत सोडतं. शरीराचं हे काम रोज चालतं, आपल्याला पत्ता नसतो. पंपातलं औषध श्वास मोकळा करतं, पण तोंडात राहिलं तर तिथला हा पहारा ढिला पाडतं. तुझ्या जिभेवर दह्यासारखा थर आला तो असा.

तू शाळेत खिचडी शिजवायचीस. त्या दिवशी मी माहेरी आलेली, तुझ्यापाशी चुलीजवळ बसलेली. मीठ बघायला तू नेहमीसारखा पळीतला थेंब तळहातावर घेतेस, चाटतेस, तेवढ्यात हेडमास्तर दारात येतात. तुझी जीभ त्यांना दिसते.

"बाई, उद्यापासून येऊ नका. लेकरांना लागंल हे."

तू हात पदराला पुसलास. "गुरुजी, पळी मी कधी तोंडाला लावली नाय. उकळत्या खिचडीला काय लागतंय?"

तंबाखू खाणाऱ्या बायकांचं असंच होतं, असं ते लेकरांच्या देखत म्हणाले. तू आयुष्यात तंबाखूला शिवली नव्हतीस. पुडी त्यांच्याच खिशात असायची. आणि ती बुरशी त्यांच्याही तोंडात असेल, कुणी बघितलं होतं?

त्या खिचडीतून धडधाकट लेकरांना काही होणार नव्हतं. हेडमास्तरांना ठाऊक नव्हतं, तरी ते खात्रीनं बोलले. पंप देणाऱ्याला ठाऊक असणार, तो बोललाच नाही. तुझं तोंड बरं झालं तरी कुणी बोलवायला आलं नाही. शाळा टाळायला तू मरेपर्यंत लांबच्या वाटेनं दळण आणलंस. याचा मला अजून संताप येतो, आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही.

हे तुला पोचणार नाही, तरी एक सांगते. हेडमास्तर तुला बोलले त्या दिवसापासून मी भाजीचं मीठ चमच्यानं बघते आणि चमचा लगेच विसळते. घरात आता बघणारं कुणी नाही. आज वाचून झाल्यावर मुद्दाम तळहातावर थेंब घेतला होता. मग दाराकडं बघितलं, आणि हात धुऊन टाकला.