सरकारी खर्चाने आलेला माणूस

सँडी बे, होबार्ट
१५ मे १८८४

प्रिय लेटी,

तुम्ही सगळे खुशाल असाल. तुझ्या विनीचा खोकला तिकडे ड्युनेडिनच्या हवेत एव्हाना थांबला असेल. इकडे डोंगरावर यंदा लवकर बर्फ पडलं. हेन्रीची दोन जहाजं लोकर भरून लंडनला गेली, त्या आनंदात त्याने मला नवी बग्गी घेतली. गर्द हिरवी, आतून मखमल. माझ्या मंगळवारच्या चहाला आता तीस-तीस बायका येतात. तुझ्या हातच्या जर्दाळूच्या मुरंब्याची सगळ्या आठवण काढतात. तुझी कोणी काढत नाही.

हे शेवटचं वाक्य लिहायचं नव्हतं. पण खोडत नाही. आज खोडायला लागले तर कागदावर काही उरायचं नाही.

माझी कॉन्स्टन्स अकरा दिवस आपल्या आईशी बोललेली नाही. पाकिटावर लावायची लाख शोधायला म्हणून तिने माझ्या टेबलाचा खण उघडला आणि तिला एक कागद सापडला. माझ्याच अक्षरातला कच्चा मसुदा. तो मी का जाळला नाही, ते मलाही सांगता येत नाही.

ते फुलांचं प्रदर्शन आठव. दारात उभं राहून पाहुण्यांचं स्वागत करायला गव्हर्नरसाहेबांच्या बाईंनी तुला निवडलं. पाच वर्षं तो मान माझा होता. तू साधा राखाडी पोशाख घातला होतास, गळ्यात आईची मोत्यांची माळ, आणि शोभत होतीस. जी येईल ती मला म्हणे, "तुमची धाकटी बहीण किती गोड आहे हो!" मी "हो ना" म्हणत होते आणि आतून जळत होते.

घरी आले, टोपीसुद्धा न काढता लिहायला बसले.

तुझ्या सासऱ्यांना, एडविनच्या वडिलांना, मेंढी चोरल्याबद्दल कैदी म्हणून बेड्या घालून या बेटावर आणलं होतं, हे तू मला धाकट्याच्या बाळंतपणात, तापात सांगितलं होतंस. आपण यातून उठत नाही, असं तुला वाटत होतं. "ताई, मी बोलले हे एडविनलाही कळू देऊ नकोस," म्हणालीस. मी तुझ्या कपाळावरची ओली घडी बदलत होते. तुझा हात हातात घेऊन मी शपथ घेतली.

गावगप्पा छापणाऱ्या त्या साप्ताहिकाला मी दोनच ओळी पाठवल्या, खाली सही न करता: 'क्लबात शिरू पाहणाऱ्या एका औषधविक्रेत्याच्या वडिलांना या बेटावर येताना तिकीट काढावं लागलं नव्हतं. सगळा खर्च सरकारने केला.' वाक्य फार जमलं, असं मला वाटलं होतं. पुढच्या मंगळवारी माझ्याच दिवाणखान्यात एकीने ते मोठ्याने वाचून दाखवलं. सगळ्या हसल्या. मीही हसले. या गावात कुणाच्या आजोबांचे पाय बेडीतून मोकळे होते, सांग!

क्लबाने एडविनला नाकारलं. त्याच्या औषधांच्या दुकानात गिऱ्हाईक येईना. मिसेस पेथरिकनी मुलाचं, आर्थरचं, विनीशी ठरलेलं लग्न मोडलं आणि विनीने दिलेली पुस्तकं नोकराच्या हाती परत धाडली. त्या दिवशी मी तुझ्याकडे आले, विनीला जवळ घेतलं आणि म्हणाले, "लोक फार दुष्ट असतात गं."

तुम्ही हे गाव सोडून ड्युनेडिनला निघालात, तेव्हा धक्क्यावर तू माझ्या गालाला गाल लावून म्हणालीस, "ताई, मी ते एकाच माणसाला सांगितलं होतं." मी म्हणाले, "चल, बोटीची शिट्टी झाली."

शिट्टी झालेली नव्हती.

कॉन्स्टन्सने तो कागद माझ्यापुढे धरला आणि एवढंच विचारलं, "आई, मावशीला तू लिहितेस की मी लिहू?" तेव्हा हे पत्र मी आपणहून लिहितेय, असं समजू नकोस.

काल मात्र एक गोष्ट आपणहून केली. मिसेस पेथरिककडे गेले. म्हटलं, "ते मी लिहिलं होतं. त्यात विनीचा काय दोष? आर्थरचं अजून कुठे ठरलेलं नाही." त्या शांतपणे चहा ओतत राहिल्या.

"अहो, कुणी लिहिलं याला काय महत्त्व?" त्या म्हणाल्या. "खोटं थोडंच होतं? उलट तुमचे आमच्यावर उपकारच झाले." आणि केकची बशी पुढे केली.

मी उठून जायला हवं होतं. मी केक खाल्ला, लेटी. निघताना त्यांना मंगळवारचं आमंत्रणही देऊन आले. ते तोंडातून कसं निघालं, देव जाणे. परतताना नव्या बग्गीत मी पडदे ओढून बसले होते.

माफी मागत नाही. मागितली तर तू करशील, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. आणि मग मी पुन्हा त्या तीस बायकांत सुखाने बसेन.

कॉन्स्टन्सला या घरात राहायचं नाही. उद्या शुक्रवारच्या बोटीने ती तुझ्याकडे निघते आहे, हे पत्र तिच्याच हाती देते. आधी विचारायला हवं होतं, पण ती थांबायला तयार नाही. तिला ठेवून घे. ती माझ्यावर गेलेली नाही.

मुलांना मावशीचे आशीर्वाद सांग, असं लिहिणार होते. सांगू नकोस.

ऑगस्टा