दारातला सरदार

ल्यों, ३ फेब्रुवारी १८१७

चित्र जमत नाही! धर्मयुद्धावरून परतलेला सरदार दारात उभा, बायको भरतकाम टाकून उठलेली. चिलखताची कडी न् कडी जागेवर आहे. तरी काहीतरी खुपतंय. काय?

महिनाअखेरीस चित्र पॅरिसच्या प्रदर्शनाला निघायला हवं.

५ फेब्रुवारी

गुरुजी रेवेर्शों येऊन गेले. नाक चित्राच्या फळीला टेकेल इतके वाकले. "कुंचल्याचा एक फटकारा दिसत नाही, पोरी! नुसती काच! पण नवरा आलाय, आणि ही बाई खूश का नाही?"

बाईचा चेहरा पुसला. पुन्हा काढला. हसवली की वेडगळ दिसते!

८ फेब्रुवारी

सरदाराला माझ्या नवऱ्याचा, थिबोचा चेहरा दिलाय, सासूबाईंच्या हट्टापायी. रोज येऊन बघतात. "हनुवटी माझ्या बाळाचीच," म्हणतात.

नवरा रशियाच्या मोहिमेवर गेला त्याला पाच वर्षं होतील. ना पत्र, ना निरोप. चर्चमध्ये त्याच्या नावानं मृतांसाठीची मिस्सा, शांतीची प्रार्थना सांगू या म्हटलं की त्या अंगावर येतात — "जित्या माणसाची मिस्सा? जीभ झडेल तुझी!" पण मला एकदा कळायला हवंय. सधवा की विधवा? मधल्या मध्ये लोंबकळून मी कंटाळलेय.

१२ फेब्रुवारी

खालच्या मजल्यावरचा विणकर बार्तेलेमी रशियातून जिवंत परतलेला. त्यालाच गाठलं. परत आलास तेव्हा दारात कसा उभा राहिलास?

"उभा? बाईसाहेब, चौकट धरून खाली बसलो की! आणि बायको ओरडतेय — आधी ते कपडे बाहेर टाक, घरभर उवा होतील!"

पोट धरून हसले. मग वर येऊन चित्र पाहिलं. माझ्या सरदाराच्या पायांवर भारच नाही!

मंगळवार, १८ फेब्रुवारी

सापडलं! चूक सापडेना की आम्ही चित्रकार चित्र फिरवून बघतो. आज फळी आडवी ठेवली — आणि सरदार एकदम बरोबर!

जुनं चिलखत आणखी कुठे बघायला मिळणार? मठातल्या कबरीवर दगडी सरदार निजलाय, त्याच्यावरूनच उतरवलं होतं. आम्ही सगळेच तसं करतो. मी त्याला उचलून उभा केला, पण चिलखतावरच्या झग्याच्या चुण्या निजलेल्याच राहिल्या. म्हणून बाईला आनंद होईना. दारात प्रेत आलंय!

उद्या सगळं खरवडायचं. इतकी खूश झाले की उद्यापासूनच्या चाळीस दिवसांच्या उपासाआधीचे म्हणून सासूबाईंनी तळलेले पिठाचे गोड बुन्य उभ्यानंच फस्त केले. तोंडाची साखर पुसताना ध्यानात आलं, चेहरा थिबोचा आहे.

राखेचा बुधवार

सकाळी कामाच्या खोलीत गेले. सासूबाई चित्रापुढे बसलेल्या, कपाळाला चर्चमधली राख. फळी कालची तशीच आडवी. मी घाईनं उभी करायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला.

"राहू दे गं. पाच वर्षं मी त्याला दारात उभा ठेवलाय. पाठ टेकू दे लेकराला."

थिबोसाठी शुक्रवारची मिस्सा त्या सांगूनच आल्या होत्या.