चौथ्या दिवसाचं मूळ

मास्तर,

आज एका मुलीला वर्गात उभं करून रागावले. तिच्या वहीत वालाचं रोप रविवारीसुद्धा अर्धा इंच वाढलं होतं, आणि रविवारी आमच्या प्रयोगशाळेला कुलूप असतं. "जे पाहिलं नाही त्याचा आकडा लिहायचा नाही. तिथे रेघ ओढायची," मी म्हटलं. म्हणता म्हणता लक्षात आलं, हे वाक्य तुमचं आहे आणि 'रेघ'वर दिलेला जोरही तुमचाच. मुलगी रडली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. ते बघणं घेऊन घरी आले, आणि जुन्या ट्रंकेतून माझी इंग्रजी चौथीची वही काढून बसले आहे.

तुम्ही महाडला आमच्या शाळेत आलात तेव्हा प्रयोगशाळा म्हणजे मोडक्या बाकांची खोली आणि तुमच्या कोटाच्या खिशात रुमालात गुंडाळलेलं एक भिंग. तुम्हाला सगळं हातात घेऊन दाखवायची हौस होती. तुम्ही बेडूक आणायला सांगितलेत आणि मी नदीकाठून एक धरून आणला. रात्रभर ठेवायचा कुठे, म्हणून रिकाम्या कळशीत. सकाळी आत्याने अंधारात त्याच कळशीत पाणी भरलं आणि तांब्याबरोबर बेडूक वर आला. मी म्हटलं, मास्तरांनी मागवलाय. आत्या म्हणाली, "मग मास्तराच्या घरात कळशी नाय काय गो?"

आत्या विधवा, मूलबाळ नाही. वडील मुंबईला गिरणीत, आई पोलादपूरच्या वरच्या वाडीवर गुरांमागे, आणि मी शिकायला म्हणून आत्याकडे. माझ्या शाळेचा निकाल तिच्या हातात होता. बेडकानंतर तो लागलाच. "दसऱ्याला तुझा बापूस बोटीनं येतोय. त्येच्यासंगती वाडीवर धाडते तुला. बास झाली शाळा."

त्याच आठवड्यात तुम्ही मोड आलेले वाल वाटलेत. घरी मातीच्या पसरट परळात माती घालून पेरायचे, वर टोपली झाकून अंधारात ठेवायचे, रोज एक रोप मुळासकट उपटून धुवायचं, पट्टीवर मोजायचं, चित्र काढायचं. पुस्तकात बुडालेले तुम्ही, पंचांग बघितलं नाहीत. मी संध्याकाळी वाल पेरून परळ जात्यामागे ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी घटस्थापना होती.

शाळेतून आले तर माझं परळ टोपलीसकट देवापुढे, आत्याच्या घटाशेजारी. त्याला हळदकुंकू, झेंडूची माळ. आत्या दारात उभी राहून शेजारणीला सांगते आहे, "न सांगता घट बसवलान पोरीनं! माती पण चाळून घेतलीन!" तिच्या तोंडावर असा आनंद मी कधी पाहिला नव्हता. मी खरं सांगायला तोंड उघडलं आणि ती म्हणाली, "शाळेत काय वायटच शिकवतात असं नाय हां." मी तोंड मिटलं.

आता देवीच्या घटातलं रोज एक रोप उपटायचं कसं? दुसऱ्या दिवशी आत्या विहिरीवर गेली तेव्हा उपटलं, तिसऱ्या दिवशी ती फुलं आणायला गेली तेव्हा. आत्याच्या लक्षात आलं की माझा घट विरळ होतोय. "उंदीर लागलाय," म्हणाली आणि चौथ्या दिवशी काठी मांडीवर घेऊन सबंध दिवस टोपलीसमोर बसली. मला म्हणाली, "तू अभ्यास कर गो, मी हाय राखणीला." मी तिच्या पाठीमागे बसून अभ्यास केला. म्हणजे वहीत लिहिलं: चौथा दिवस, मूळ दीड इंच एक सूत. मुळाचं सुबक चित्रही काढलं.

पाचव्या दिवशी तुम्ही प्रयोग तपासायला घरोघर निघालात. आमच्याकडे चार शेजारणी ओटी भरायला आलेल्या. तुम्ही वहाणा काढल्यात, आत आलात, टोपली उचललीत आणि कोणी काही म्हणायच्या आत एक रोप मुळासकट उपटलंत.

"अवो मास्तर! देवीचा घट उपाटलात!" आत्या ओरडली.

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, माळेकडे पाहिलंत, आणि काठीकडेही. मग रोप तांब्यात बुडवून, भिंग आत्यापुढे धरून म्हणालात, "बाई, रागवा, पण आधी हे बघा." आत्याने एक डोळा मिटला. बराच वेळ बघितलं. "अगो बाय, मुळाला लव हाय. तान्ह्या पोरासारकी." तुम्ही विचारलंत, घटात तुम्ही काय बघता? तेव्हा ती हिरिरीने बोलायला लागली: घटात जे दाणं जोरात रुजतंय तेच बियाण्याला ठेवायचं, तिच्या सासूपासूनची रीत. तुम्ही खाली बसलात आणि ऐकत राहिलात. शेवटी ती म्हणाली, "मंग उपटा रोज. पर पाया पडून उपटा."

पुढच्या आठवड्यात अख्खा वर्ग वालाला नमस्कार करून उपटत होता. शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी विचारलं, ही कुठली पद्धत? तुम्ही म्हणालात, "स्थानिक."

पण मास्तर, मधलं एक राहिलं. त्या दिवशी तुम्ही हातातलं रोप माझ्या पट्टीवर ठेवलंत. पाचव्या दिवसाचं मूळ, सव्वा इंच. मग वही उघडलीत. चौथ्या दिवसाचं मूळ, दीड इंच एक सूत. तुमचं बोट त्या ओळीवर थांबलं. आत्या शेजारीच उभी होती. "मास्तर, पोर बरोबर करतेय ना? का धाडू वाडीवर?" तुम्ही म्हणालात, "सगळी रोपं सारखी वाढत नाहीत, बाई." आणि लाल शाईने त्या ओळीखाली लिहिलंत, 'उत्तम'.

आत्याला वाचता येत नव्हतं. दसऱ्याला तिने ती लाल अक्षरं वडिलांना दाखवली, आणि ते वाडीवर एकटेच गेले. तुम्हाला कळलं होतं का, हे मी पुढे कधी विचारलं नाही. दोन वर्षांनी तापात तुम्ही गेलात आणि विचारायचं राहूनच गेलं.

उद्या त्या मुलीला बाजूला घेऊन विचारणार आहे, रविवारचा आकडा का लिहावासा वाटला. आणि आज, तुमच्या नियमाप्रमाणे, त्या चौथ्या दिवसावर रेघ ओढायला मी टाक बुडवला होता. शाई टाकावरच वाळली. रेघ ओढली नाही.