मिनोच्या वाटेवरचे एकशे बेचाळीस नमस्कार

तीर्थरूप दादांस,

ओसाकाहून अनुराधेचा साष्टांग नमस्कार. (आठही अंगं शाबूत आहेत, गुडघ्यांसह. हे मुद्दाम आधीच लिहून ठेवते.) कल्पनावहिनींचा खोकला थांबला का? तुम्ही दवाखाना बंद केलात तरी गल्लीतले लोक अजून जिन्यात गाठून कंबर दाखवत असतील. पत्र अशासाठी की फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. वहिनींचं म्हणणं नेमकं उलट आहे, पण त्या तुमच्या बाजूच्या.

तर इथे माझ्यावर अन्याय चालला आहे. सारंगने ऑक्टोबरात सगळ्यांना शोदोशिमा नावाच्या बेटावर न्यायचं ठरवलं आहे. कोबेहून तीन तास बोट, मग ऑलिव्हच्या बागांमधून आणि टेकड्यांवरून पाच किलोमीटरची चाल. वाट सोपी, असं त्याच्या तक्त्यात लिहिलं आहे. (हो, तक्ता केला आहे आणि फ्रिजवर लावला आहे. जपानी ऑफिसात बारा वर्षं काढली की माणूस लाडूसुद्धा तक्त्याशिवाय खात नाही. ९.४० पाणी पिणे, ९.४३ निघणे.) त्यात सारंग, राधिका आणि नात ओवी यांची ओळ एक, माझी वेगळी. माझ्या ओळीत तीनच शब्द आहेत: आई, बस, बाक.

दादा, मी बत्तीस वर्षं इतिहास शिकवला. ग्रीक लोक शर्यत जिंकणाऱ्याला सोनंनाणं नाही, ऑलिव्हची डहाळी कशी देत, हे सांगायला लागले की शेवटच्या बाकावरची पोरंही जागी होत. दारूबंदीच्या सभेत, पाण्याच्या मोर्चात, मी ती डहाळी किती वेळा हवेत उंचावली असेल. आणि ते झाड मी जन्मात पाहिलेलं नाही. साताऱ्याच्या सभेत तर मी कढीपत्ता उंचावला होता. परसातून तोडून तुम्हीच दिला होता. आता ते झाड अर्ध्या दिवसाच्या अंतरावर आलं आहे आणि मी त्याच्यापुढे बसमधून उतरू? ज्याच्यासाठी आयुष्यभर घसा फोडला त्याच्याकडे स्वतःच्या पायांनी जायचं असतं. अडुसष्टाव्या वर्षी मी चालायची परवानगी मुलाकडे मागणार नाही, डॉक्टरकडे मागणार नाही आणि भावाकडे तर नाहीच.

हे सगळं मी स्वयंपाकघरात वीस मिनिटं उभं राहून मांडलं. राधिकाने मध्येच उठून कुकर बंद केला, एवढाच व्यत्यय. शेवटी सारंग म्हणाला, "आई, मुद्दा मान्य. पण आधी रविवारी चाचणी." ठरलं ते असं: इथून जवळच मिनोला धबधब्यापर्यंत तीन किलोमीटरची फरसबंद वाट आहे, लोक बाबागाड्या घेऊन येतात अशी. ती तासाभरात चालले तर शोदोशिमालाही चालणार.

आता इथला रिवाज ऐका. शेजारचा माणूस वर्षभर लिफ्टमध्ये आकड्यांकडे बघत उभा राहील, पण डोंगराच्या वाटेवर समोरून येणारा अगदी परका माणूसही "कोन्निचिवा" म्हणून नमस्कार करतो. बाकीचे चालता चालता उत्तर देतात. पण आपल्याला आईने काय शिकवलं? थांबायचं, हात जोडायचे, कुठून आलात विचारायचं. मी थांबले की तेही थांबत आणि वाकत. मी पुन्हा हात जोडायची, कारण नमस्कारात मागे राहणं मला जमत नाही. आणि माघार त्यांनाही माहीत नाही. ओवी दुभाषी होती. दोन काठ्या घेतलेल्या एका आजोबांशी तर मी अकरा मिनिटं बोलले, ते जपानीत, मी मराठीत (ओवी पाणी आणायला गेली होती), आणि प्रत्येक मुद्द्यावर आमचं एकमत झालं. एवढ्यात मागून येणाऱ्यांना वाटलं इथे कसली तरी रांग आहे. इथल्या माणसाला रांग दिसली की तो तिच्यात उभा राहतो.

धबधबा आला तेव्हा दोन तास पन्नास मिनिटं झाली होती. सारंगने घड्याळ पाहिलं. "आई, एकशे बेचाळीस माणसं. ओवीने मोजलीत." आणि वहीत एकच शब्द लिहिला: गुडघा. मी तिथल्या तिथे ठणकावलं, की हा गुडघ्याचा प्रश्न नाही, संस्काराचा आहे.

"तक्त्यात संस्काराला रकाना नाही गं."

"मग तक्ता बदल," मी म्हणाले, आणि परतीची वाट धरली.

तेव्हा माझा निर्णय झालेला आहे. मी चालणार. हे केवळ माहितीसाठी कळवलं.

कुणाचंही न ऐकणारी, तुमची धाकटी बहीण,
अनु

ता.क. सारंगचं आता एवढंच म्हणणं आहे, की बाळामामा (म्हणजे तुम्हीच) हाडांचे डॉक्टर आहेत, ते हो म्हणाले तर चाल. मी परवानगी मागणार नाही हे वर आलंच आहे. पण तुम्ही आपणहून, सहज, त्याला फोन केलात तर मी अडवू शकत नाही. रविवारी तो घरी असतो. तुमचे सकाळचे सात म्हणजे इथले साडेदहा.

ता.क. २ तुम्ही पत्रातूनही नाडी बघाल, म्हणून सांगून टाकते. पहिले चाळीस नमस्कार संस्काराचे होते. वाटेत एक लाल पूल लागतो, त्यानंतरचे उजव्या गुडघ्याचे. सपाटीवर काही नाही, चढावर कळ येते. पट्टा बांधू का, आणि महिनाभरात कुठला व्यायाम होईल? मला खरं काय ते लिहा. सारंगला फक्त हो सांगा.

ता.क. ३ ओवीला मी यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं. पण पुलानंतर ती माझ्यापुढे दहा पावलं चालत होती आणि येणाऱ्या प्रत्येकाला स्वतःच आधी हाक घालून थांबवत होती. का, म्हणून काल विचारलं, तर म्हणाली, "दाइजोबु, आजी." म्हणजे काळजी नको. आज सकाळी पाहते तर फ्रिजवरच्या तक्त्यात माझ्या ओळीतलं "बस" तिने पेन्सिलीने खोडलं आहे. "बाक" तसाच ठेवला आहे.