उकंडरावकाकांची गवळण डीव्हीडीवर

८ नोव्हेंबर, शनिवार
धामणगाव बढेहून कोकिळामावशीचा फोन. २१ तारखेला तिच्या यजमानांचं, उकंडरावकाकांचं, वर्षश्राद्ध. काकांनी भजनी मंडळात म्हटलेली शेवटची गवळण मी मोबाईलवर घेतली होती. दुसरं रेकॉर्डिंग कुणाकडेच नाही. ती टीव्हीवर हवी. म्हणाली, "मले एकदा आयकाचा हाय त्यायचा आवाज. तू कम्प्युटरवाला, तुले काय लागते?" मेहकरात चौदा वर्षं कॉम्प्युटर क्लास चालवतोय. एका संध्याकाळचं काम. मावशीच्या जुन्या प्लेअरला पेन ड्राइव्ह लागत नाही, म्हणून डीव्हीडी.

९ नोव्हेंबर
रीरायटेबल डीव्हीडी आणली. दुकानात एकच उरली होती. चुकलं तर पुसता येते. माणसाने दूरदृष्टी ठेवावी. घरात नवी वस्तू आली की आपण हळदकुंकू लावतोच. कूलरला लावलं, मिक्सरला लावलं. डीव्हीडीच्या चकचकीत बाजूला ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं. दुसऱ्या बाजूला छापील मजकूर होता, तो झाकला गेला असता. क्लिप मोबाईलमधून काढून लॅपटॉपवर टाकली. सुरक्षित.

११ नोव्हेंबर, सकाळ
सिस्टीम म्हणते, डिस्क फॉरमॅट करा. करायला घेतली. सत्तावीस टक्क्यांवर अडकली. पुन्हा केली. सत्तावीस. दोष उघड आहे. नव्या ऑपरेटिंग सिस्टीमने रीरायटेबलचा सपोर्ट गुपचूप काढलाय.

१३ नोव्हेंबर
ड्रायव्हर काढला, परत टाकला. रजिस्ट्रीत दोन ओळी बदलल्या. आता स्पीकरही बंद. बायको, अनुपमा, म्हणाली, "मोबाईलवरच दाखवा ना मावशीले, काऊन एवढं डोकं लावून राह्यले?" कॉम्प्युटर क्लासच्या सरांनी श्राद्धाला मोबाईल दाखवत फिरायचं?

१५ नोव्हेंबर
पेन ड्राइव्हवरून दुसरी, फुकटची सिस्टीम चालवली. तिथेही सत्तावीस. म्हणजे दोन्हीकडच्यांनी काढलाय. यावर एक सविस्तर व्हिडिओ करणार आहे. मावशीचा फोन उचलला नाही. कंटाळा आलाय.

१७ नोव्हेंबर
शेवटचा उपाय. सिस्टीम नव्याने टाकली. फाइल ठेवायच्या की सगळं काढायचं, असं विचारलं. सगळं काढलं. अर्धवट काम आपल्याला जमत नाही. लॅपटॉप आता कसा पळतोय.

१८ नोव्हेंबर
अनुपमाने डीव्हीडी हातात घेतली, पदराने कुंकू पुसलं आणि विचारलं, "लिहाची बाजू हेच हाय ना हो?" त्यानंतर फॉरमॅट झालं, शंभर टक्के. योगायोग. नवी सिस्टीम स्थिरावायला एक दिवस लागतोच. मावशीला कळवलं, काम फत्ते. ती फोनवर रडली. म्हणाली, सगळ्या आळीले बोलावतो.

१९ नोव्हेंबर
डीव्हीडीवर लिहायला घेतलं. क्लिप सापडेना.

१९ नोव्हेंबर, दुपारी ४
मोबाईलमध्येही नाही. रिसायकल बिन रिकामं.

२० नोव्हेंबर
क्लासला सुट्टी. हरवलेल्या फाइल शोधणारं सॉफ्टवेअर दिवसभर चालवलं. एक फाइल मिळाली. हिरव्या पट्ट्या, आवाज नाही. उद्या 'तांत्रिक अडचण' म्हणणार. ते काही खोटं नाही. अनुपमाने उद्याची पिशवी भरून ठेवली. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

२१ नोव्हेंबर
अनुपमाला घेऊन, दोन एसट्या बदलून धामणगाव. टीव्हीसमोर सतरंजीवर पंचवीसेक माणसं. रिकामीच डीव्हीडी लावली. निळा पडदा. 'तांत्रिक अडचण' म्हणायला तोंड उघडलं, आणि भलतंच निघालं: मावशी, माझ्याच हातून पुसलं गेलं. फार लाज वाटली. मावशीने उठून टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "जाऊ दे बाबू. मले येते थे गवळण." आणि म्हणायला लागली. काकांसारखाच शेवटच्या शब्दावर आवाज ओढत, त्यांच्यासारखाच हात उडवत, चारही कडवी. बाया रडल्या. मीही रडलो.

परतीच्या एसटीत अनुपमाने विचारलं, मावशीची गवळण घेतली ना तुमी मोबाईलवर?

मोबाईल वरच्या खिशातच होता. काढायचं सुचलंच नाही.