गेटला वेगळा रेकॉर्डर

३ ऑक्टोबर
आणि मी अजून म्हणतो, गेटला वेगळा रेकॉर्डर पाहिजेच होता. आमच्या कॅमेऱ्याच्या दुकानाचे मालक राजूभैया आजही ऐकले नाहीत. साठ कॅमेरे, एवढी मोठी राइस मिल, आणि सगळ्यांना मिळून रेकॉर्डरचा एकच डब्बा, चौसष्ट कॅमेरेवाला. मी म्हणलं, चार सोळावाले घ्या, एक बसला तर तीन तरी चालतील. ते नाही तर निदान गेटचे चार कॅमेरे वेगळे काढा. तर म्हणे, "तू आठवी फेल, मैं दुकानदार. कोटेशन तेरा चाचा पास करायेगा?" पोरं हसली. मीही हसलो. राग नंतर आला, जेवताना.

५ ऑक्टोबर
मिल बंद. नवा धान दिवाळीनंतर. मशिनींवर ताडपत्र्या, एवढ्या मोठ्या शेडमध्ये एक चिमणी. दिवसभर तारा ओढल्या, हाताला फोड.
डिस्क कमी पडायला लागल्या म्हणून मी डोकं लावलं. हालचाल दिसली तरच रेकॉर्ड करायचं. रिकामी भिंत साठवून काय करायचंय? दोन दिवस तसं ठेवून बघितलं, डिस्क भरतच नाही. हिशोब केला. तीस दिवस आरामात बसतात. राजूभैया म्हणाले, "वाह रे हीरो. दो डिस्क बचा दी." खांद्यावर हात ठेवला. लई बरं वाटलं. परवाचं भांडण तिथंच विसरलो.

७ ऑक्टोबर
काम ताब्यात दिलं. मिलचे सेठ म्हणाले, "कितने दिन का रहेगा?" मी म्हणलं तीस. "लिख के दे." लिहिलं. खाली माझी सही. राजूभैयांनी त्यांची केली नाही.
डब्बा गेटच्या केबिनमध्ये, कुलपात. चावी सुखदेवकाकांकडे. तेच चौकीदार, आणि मुर्री गावात मी राहतो ती खोलीही त्यांच्याच घरातली. त्यांनी चावी कमरेच्या करगोट्याला बांधली, स्वतःच्या डोळ्यांकडं बोट केलं. "आता मी गेटवर एकटा नाही, बाबू. साठ डोरे आहेत मांगं." घरी येऊन काकूंनाही तेच सांगितलं, दोनदा.

१२ नोव्हेंबर
देवरी. हायवेवरच्या ढाब्याचे आठ कॅमेरे. मिलकडं महिन्यात फिरकलो नाही. मिल सुरू झालीय, जोरात, हे काकूंकडून कळतं. वाळत घातलेलं लुगडं कोंड्यानं खाजतं म्हणतात.
आईचा फोन. "काय करायलायस?" "बसून राहिलो." "ही कुठली भाषा रं?" लई वेळ हसली. इकडं दोन वर्षं झाली. इतका मी कुठंच टिकलो नाही.

२१ नोव्हेंबर
दुपारी सेठचा फोन, आत्ताच्या आत्ता ये. देवरीहून मिळेल त्या बसनं आलो. तांदळाची चाळीस पोती कमी भरलीत. आठ तारखेला दुपारी एक ट्रक बिनपावतीचा गेटातून गेला. काका म्हणतात, मिलचे मुनीमजी स्वतः गेटवर उभे होते, जाऊ दे म्हणाले. मुनीमजी म्हणतात, मी त्या दिवशी गेटवर आलोच नाही.
काका सगळ्यांसमोर उभे, ताठ. "मशीन आहे ना सेठ. पाहून घ्या. मी कायले भेऊ?"
मी डब्ब्यासमोर बसलो. तारीख मागं नेली. वीस. अठरा. सोळा. पंधरा. पंधराच्या मागं काही नाही. पुन्हा बघितलं. महिना चुकला असेल म्हणून महिना बदलून बघितला. काळं.
आठ तारीखच नाही.
सेठ म्हणाले, "चाबी किसके पास रहती है?"
सगळ्यांनी काकांकडं बघितलं. काकांनी माझ्याकडं.

२२ नोव्हेंबर
कळलं. कळलं नसतं तर बरं होतं.
पंधरा ते एकवीस काय साठलंय ते लावून बघितलं. कोंडा. शेडमधल्या चाळीस कॅमेऱ्यांसमोर दिवसभर कोंडा उडतोय, आणि डब्ब्याला वाटतंय कोणीतरी चाललंय. म्हणून सगळं रेकॉर्ड, अखंड. सहा दिवसांत डिस्क भरते, मग जुनं पुसून त्यावर नवं. डब्बा एकच, म्हणून गेटचंही पुसलं. आठ तारीख काकांनी नाही पुसली. कोंड्यानं पुसली. म्हणजे मी.
बंद मिलमध्ये हिशोब केला होता मी. एका चिमणीवर.
गेटला वेगळा असता तर... पण मग मी गप्प का बसलो? खांद्यावर हात ठेवला म्हणून.

२३ नोव्हेंबर
राजूभैयांना सांगितलं. म्हणाले, "डिस्क खराब थी, बोल दे. कंपनी का फॉल्ट. खतम."
"और काका?"
"वो उनका मॅटर है. तू कब से वकील बना?"
खोलीवर येऊन बॅग भरली. कोल्हापूरची गाडी इथूनच सुटते. जागा मिळाली की थेट मिरज, तिथून गावाकडं, जतची एसटी. इचलकरंजी अशीच सोडली होती, पुणंही असंच. कोणी काही विचारायच्या आत.
काकू दारात आल्या. "काऊन जी, बॅग कायले भरला?"
तोंडात आलं ते बोललो, "कपडे धुवायचेत."
"मंग इकडे आन ना." उचलून घेऊन गेल्या. धुतले पण. सगळे. अंगावरचा एक सोडून माझ्याकडं शर्ट नाही.
काका अंगणात पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत बसलेले. कामावर येऊ नको म्हणलंय त्यांना. "मी पुसला म्हणतेत. मले त मोबाइलवरचा नंबरबी धड दिसत नाही." मग शेंगेकडंच बघत, "तुले काही दिसला का रे त्यात?"
मी म्हणलं, बघतोय.
शेंगा सोलू लागलो.

२५ नोव्हेंबर
दोरीवरच्या शर्टाची कॉलर दवानं ओलीच होती. तसाच मिलवर गेलो. सेठच्या केबिनमध्ये मुनीमजी पण बसलेले. आता नको, नंतर येतो, असं म्हणणार होतो. म्हणलं नाही. सगळं सांगितलं. बंद मिल, हालचालीचं सेटिंग, तीस दिवस. सेठना विश्वास बसेना. मग गेटवर नेऊन दाखवलं, हे बघा काय साठवलंय आपण. सेठ लई वेळ उडणारा कोंडा बघत राहिले. मध्येच स्वतःची बाही झटकली.
मुनीमजी म्हणाले, "झूठ बोल रहा है. उसी के घर में तो रहता है."
सेठ म्हणाले, "लेकिन साइन तो इसकी है. अपने गले में फंदा कौन डालता है?" मग मला, "मतलब चाबीवाली बात गई."
मी म्हणलं, गई. मग मीच विचारलं, "और ट्रकवाली?"
त्यांनी मुनीमजींकडं बघितलं. मुनीमजी वीस वर्षांपासून आहेत त्यांच्याकडं. मग सेठ एकदम चिडले. "गेट का अलग लगा. दो दिन में. तेरे पैसे से."
बाहेर येईपर्यंत राजूभैयांचा फोन. कोणी सांगितलं कोण जाणे. शिव्या इथं लिहीत नाही. उद्यापासून येऊ नको, हे शेवटचं वाक्य.
काकांना घरी येऊन सांगितलं. माझ्यामुळं झालं, असं शब्दात सांगितलं. काका शेंगांनी भरलेलं सूप बाजूला ठेवून उठले आणि मागच्या दारानं गेले. काकू म्हणाल्या, "जाऊ दे. येतीन." जेवायला वाढलं.

२७ नोव्हेंबर
गेटला वेगळा लागला. चार कॅमेरे, त्याची स्वतःची डिस्क. हालचाल-बिलचाल काही नाही, चोवीस तास सगळं रेकॉर्ड. पैसे माझे. लावताना मिल जोरात चालू होती, कोंडा नाकात, पण बंद करा म्हणलं नाही. सेठनी विचारलं, "कितने दिन का रहेगा?"
मी म्हणलं, आठ दिवस चालवून बघतो, मग सांगतो. लिहून दिलं नाही.
गेटवर दुसरा माणूस बसलाय. काकांचं काय, विचारलं तर सेठ म्हणाले, "देखते हैं." मुनीमजी गेटातून गेले, वर बघितलं नाही. आज ते रेकॉर्ड झाले. आज काय कामाचं.
संध्याकाळी काका अंगणात. दोन दिवसांनी पहिल्यांदा बोलले.
"ते आठ तारीख आता नाहीच का येत?"
"नाही, काका."
"बरं."
मग काकाच, "नव्या डब्ब्याची चावी कोनाकडे देली मंग?"
म्हणलं, सेठकडं. त्यांचा हात कमरेला गेला, करगोट्यापाशी, आणि तिथंच राहिला.
कपडे वाळलेत. काकूंनी घडी करून खाटेवर ठेवलेत, वर बॅग. अजून भरली नाही.
दर महिन्याला आईला नऊ हजार जातात. फोनवर सांगितलं, या महिन्यात कमी येतील. "का रं? आजारी हाईस?" नाही म्हणलं. नंतर सांगतो.
आईला, रु. १,४००.